असं का? : घरं पुढे, गटार मागे

गडमुडशिंगीसारख्या कोल्हापूरलगतच्या गावांत स्लॅब भराभर पडतात. ड्रेनेज मात्र रखडतं. असं का?

कोल्हापूरला १९७२ साली महापालिका मिळाली. हद्द पुढे दशकानुदशके तीच राहिली, वस्ती मात्र ती ओलांडून गेली. हद्दवाढ म्हटलं की गावांना वाढीव घरफाळ्याची, शेतीवर आरक्षण पडण्याची धास्ती वाटते, आणि ती रास्तच आहे. म्हणून हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण आलं.

पण ड्रेनेजची खरी अडचण उताराची. सांडपाणी उतारानंच वाहतं. त्यासाठी नळ सलग, खाली उतरत जायला हवेत. गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट आधी पडले, की हा मार्ग घराघरांशी अडतो. मग रस्ते उकरा, जागा मिळवा, पंप बसवा. शिवलेल्या सदऱ्याला नंतर खिसा लावण्यासारखंच हे! म्हणून प्लॉट पाडण्याआधी ड्रेनेजची रेघ नकाशावर पक्की हवी.