हवेत फेरे सांभाळा, पाण्यात प्रवाह!

डहाणूच्या खाडीपासून तलासरीच्या झाई गावापर्यंत ज्यांचे घर मासेमारीवर चालते, त्यांना एक आवाज चांगला ओळखीचा असतो. समुद्र खवळला, की लाटेवर बोटीची मागची बाजू उचलली जाते, पंखा क्षणभर पाण्याबाहेर येतो आणि इंजिनाचा आवाज एकदम चढतो. पाण्याचा भार सुटला, की इंजिन मोकाट धावू पाहते. डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. तो इंधन आवरून वेग ताब्यात ठेवतो. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या होडीत असा रखवालदार बहुधा नसतो. ते काम आपल्यालाच करावे लागते आणि तेही होडी पाण्यात सोडण्याआधी, कागद-पेन्सिल घेऊन.

रिमोटची होडी ही काही कालची गोष्ट नव्हे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी होडी लोकांना दाखवली होती. आज मात्र मुलांच्या हाती ब्रशलेस मोटर आली आहे. विजेची बचत करणारा बीएलडीसी पंखा आता पुष्कळ घरांत दिसतो. त्यातली मोटर याच जातीची. तिच्यात तारेची वेटोळी स्थिर असतात आणि चुंबक फिरतो. वेटोळ्यांना पाळीपाळीने वीज देण्याचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. घासणारे ब्रश नाहीत, म्हणून ठिणगी नाही आणि झीजही कमी. यावरून अनेकांचा समज होतो, की ही मोटर हवी तेवढी पळवावी. हा समज महागात पडतो.

आता हिशेब पाहू. अशा मोटरीवर ‘केव्ही’ नावाचा आकडा लिहिलेला असतो. हे किलोव्होल्ट नव्हेत. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, ते हा आकडा सांगतो. समजा, मोटर २००० केव्हीची आहे आणि बॅटरी तीन सेलची लिथियम पॉलिमर. तिच्यावर ११.१ व्होल्ट छापलेले असतात. पण पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे एकूण १२.६. दोन हजार गुणिले १२.६ म्हणजे मिनिटाला २५,२०० फेरे. हिशेब नेहमी या भरलेल्या बॅटरीवरच करावा. कारण होडी लाटेवरून उडाली आणि पंखा हवेत आला, की मोटर क्षणार्धात या आकड्याच्या जवळ पोहोचते.

हवेतला धोका फेऱ्यांचा आहे. चुंबक साधारण २ सेंटिमीटर व्यासाच्या दंडगोलावर बसवले आहेत, असे धरा. २५,२०० फेऱ्यांना बाहेरच्या कडेवरच्या एक ग्रॅम चुंबकाला सुमारे ७ किलो वजनाइतका जोर बाहेर खेचत असतो. वेग दुप्पट झाला, की हा जोर चौपट होतो. हौसेखातर त्याच मोटरीला सहा सेलची बॅटरी लावली, तर एका ग्रॅममागे २८ किलो! मग चुंबक निखळतो, बेअरिंग बसते किंवा लवचीक शाफ्ट पिळवटतो. नियंत्रकाचीही मर्यादा असते. चार ध्रुवांच्या मोटरीत चुंबकाच्या दोन जोड्या असतात, म्हणून त्याला फेऱ्यांच्या दुप्पट हिशेब ठेवावा लागतो: २५,२०० फेऱ्यांसाठी ५०,४००. हा आकडा त्याच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेत बसतो का, ते पाहावे.

पाण्यातला धोका वेगळा, तो प्रवाहाचा. पंखा तोच ठेवून फेरे दुप्पट करायचे, तर ढोबळ नियमाने आठपट शक्ती लागते. व्होल्ट दुप्पट केले तरी प्रवाह चौपट होतो आणि तारांतली उष्णता सोळापट. नुसता पंखा एकदशांशाने मोठा लावला आणि फेरे तेवढेच राखले, तरी शक्ती दीडपटीहून अधिक लागते. या मोटरीतले साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले बळ कायमचे गमावू लागतात. बॅटरीवर अतिभार पडला, तर ती फुगते आणि पेटही घेऊ शकते.

म्हणून नियम साधा आहे. मोटर, नियंत्रक आणि शाफ्ट यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, ती होडीची मर्यादा. भरल्या बॅटरीवरचे फेरे तिच्या बरेच आत ठेवावेत. नवशिक्याच्या होडीला २० ते २५ हजार फेरे पुष्कळ झाले. पहिल्यांदा लहान पंखा लावावा, अर्धा मिनीट होडी चालवून काठाला आणावी, बॅटरी सोडवावी आणि मोटरीला हात लावून पाहावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर पंखा अजून लहान करावा किंवा एक सेल कमी करावा. घरात टेबलावर होडी ठेवून पूर्ण वेग देऊन पाहू नये. पाण्याचा भार नसतो, शाफ्ट कोरडा फिरतो आणि पंख्याची पाती बोट कापायला वेळ लावत नाहीत.

दोन गोष्टी आपल्या भागासाठी. गोड्या पाण्याचे शांत तळे मिळाले, तर खाडीपेक्षा ते बरे. खाऱ्या पाण्याने बेअरिंग आणि चुंबक गंजतात. गंजलेले बेअरिंग पूर्वीचा वेग सोसत नाही. खाडीत चालवलीच, तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब द्यावा. दुसरे म्हणजे ओहोटी. बोर्डीसारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी फार दूर हटते. संदेश तुटताच मोटर बंद होईल, अशी सोय रिमोटमध्ये आधीच करून ठेवावी. आणि होडी वाहून जाऊ लागली, तर तिच्यामागे कोणीही पाण्यात उतरू नये. पालकांनी एवढे एक बजावून सांगावे. होडी दुसरी घेता येते.