कवळीचा सुटलेला दात: गोंदाने नाही, तर कशाने बसतो?

आगाशीची सुकेळी पुढच्या दातांनी ओढून खाल्ली आणि कवळीचा दात तिच्यातच अडकून आला, तर वसई-विरारच्या बहुतेक घरांतून एकच निकाल लागतो: ‘दातच हलका होता!’ दाताचा दोष क्वचितच असतो. तक्रार मात्र नेहमीची आहे: ब्रिटनमधल्या 1994च्या एका पाहणीत दुरुस्तीला आलेल्या कवळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कवळ्यांचे दातच सुटलेले होते.

त्या सुटलेल्या दाताचा तळ पाहा. तो गुळगुळीत असेल आणि कवळीच्या ॲक्रिलिकचा गुलाबी कणही चिकटलेला नसेल, तर सांधा मुळात धरलेलाच नव्हता. कवळी आधी मेणात रचतात. मग फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डब्यात, उकळत्या पाण्याने मेण काढून त्या जागी ॲक्रिलिक भरतात. दाताच्या तळाशी मेणाचा पातळ थर उरला किंवा साच्याला लावायचं द्रव त्यावर ओघळलं, की सांध्याचं काम बिघडलंच. याउलट दाताबरोबर गुलाबी तुकडा आला असेल तर सांधा चांगला होता, भोवतालचं ॲक्रिलिक तुटलं. अशा वेळी दंतवैद्याने चावा तपासायला हवा. समोर नैसर्गिक दात असतील आणि सगळा जोर एकाच दातावर पडत असेल, तर नवा दातही टिकणार नाही.

‘फेविक्विकने बसतो की!’ बसतो, काही दिवस. असा झटपट गोंद कडक आणि ठिसूळ असतो. लाळ आणि चावण्याचे धक्के त्याला झेपत नाहीत. शिवाय दात तिरका बसतो तो वेगळाच. खरी दुरुस्ती ॲक्रिलिकच्या लिक्विडने, म्हणजे मोनोमरने होते. ते दातात आणि कवळीच्या गुलाबी बेसमध्ये मुरतं, पृष्ठभाग किंचित फुगवतं, आणि नवं ॲक्रिलिक त्यात गुंतून घट्ट होतं. गोंदाचा थर असला की मोनोमरला आत वाटच मिळत नाही. तो घासून काढावा लागतो, त्यात दातही झिजतो.

महागडा दात जास्त पक्का चिकटतो, हाही एक समज. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जास्त बांधलेल्या असल्याने तो कमी झिजतो, पण त्याच कारणाने मोनोमर त्यात कमी मुरतं. म्हणून चांगला तंत्रज्ञ तळ खरखरीत करतो. चिनीमातीचे दात तर रासायनिक रीतीने चिकटतच नाहीत. ते खिळ्या-खाचांनी अडकवावे लागतात.

‘एकदा निघालेला दात पुन्हा निघणारच’ यात थोडं तथ्य आहे. दुरुस्तीचं थंड पद्धतीचं, म्हणजे सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक कवळीच्या मूळच्या, उष्णतेने घट्ट केलेल्या हीट-क्युअरपेक्षा कमी ताकदीचं असतं. पण तयारी नीट झाली तर फरक पडतो: तळ घासणं, मोनोमरने सुमारे 3 मिनिटं ओलं ठेवणं, आणि कोमट पाण्यात दाबाखाली घट्ट होऊ देणं. दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणून हातात दिलेल्या कवळीत यातलं काय काय झालं, हे विचारायला संकोचू नका.

दात निघाला तर फेकू नका, गोंद लावू नका. डबीत ठेवून कवळीसोबत दंतवैद्याकडे न्या. विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलं तर नायर दंत महाविद्यालयही जवळच आहे. दुरुस्तीनंतर कवळी रात्रभर पाण्यात ठेवावी, म्हणजे उरलेलं मोनोमर बरंच निघून जातं.