गल्ला मोठा म्हणजे माल चांगला?

वडवणीच्या बाजारातील कापड दुकानदाराला विचारा, सर्वांत जास्त खपणारे कापड सर्वांत टिकाऊ असते काय? तो हसेल. मग अमुक चित्रपटाने शंभर कोटी कमावले म्हणजे तो उत्तमच, असे आपण लगेच का मानतो?

आधी हा आकडा समजून घेऊ. वर्तमानपत्रात येतो तो बहुधा तिकीटविक्रीचा एकूण गल्ला. त्यातून कर जातो, थिएटरवाल्याचा वाटा जातो, वितरकाचे कमिशन जाते. उरलेल्या रकमेतून निर्मात्याला चित्रपटाचा व जाहिरातीचा खर्च भागवावा लागतो. म्हणजे गल्ला हा नफाही नव्हे, मग दर्जा तर दूरच. शिवाय १९७५ चा रुपया आणि आजचा रुपया एका तराजूत तोलता येत नाहीत.

मराठीतलेच उदाहरण घ्या. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली पडद्यावर आला. पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. २०१६ साली त्यांचाच 'सैराट' आला आणि मराठीत तोवर न झालेला गल्ला जमला. तो शंभर कोटींच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. कारागीर तोच, जातीचा विषयही तोच. मात्र 'सैराट'मध्ये प्रेमकथा होती आणि घरोघरी वाजलेली गाणी होती. म्हणून 'फँड्री' हलका माल ठरतो काय?

'श्वास'चेही तसेच. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याने मिळवून दिले. २००४ साली भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचारखर्चासाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली.

मग गल्ला निरर्थक आहे का? तसेही नाही. तो कधी जमला हे पाहावे. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला जाहिरातीचा व नटाच्या नावाचा. पुढच्या आठवड्यांतला, पाहून आलेल्यांच्या तोंडचा. 'शोले'ची सुरुवात थंड होती. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. अर्थात टिकलेली गर्दीही आवडीचाच पुरावा देते, दर्जा मात्र ज्याने त्याने पारखायचा.

व्यापारी बांधवांनी आपल्या वहीलाही हाच नियम लावून पाहावा. पहिले गिऱ्हाईक पाटी पाहून येते, दुसऱ्यांदा येते ते माल पाहून. दिवसाच्या गल्ल्याशेजारी परत आलेल्या गिऱ्हाइकांची संख्या लिहा. धंद्याची बरकत त्या दुसऱ्या आकड्यात दिसेल.