खिशातला कॅमेरा बदलताना

सदाशिव पेठेतल्या विश्रामबाग वाड्याचं लाकडी कोरीवकाम अंधूक उजेडात टिपायला गेलं, की छोट्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. प्रवासासाठी नवा घेताना मेगापिक्सेलआधी सेन्सरचा आकार विचारा. स्वस्त कॅमेऱ्यांत तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. ‘एक इंची’ म्हणवणारा १३.२ बाय ८.८. क्षेत्रफळ चौपट, म्हणून तेवढ्याच एफ-क्रमांकाला प्रकाशही चौपट आणि फोटोत दाणे कमी. (नावातला इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या नळीच्या व्यासावरून आलाय.)

बजेट बेताचं असेल, तर एक इंची सेन्सरचाच सोनीचा २०१२चा आरएक्स१०० वापरलेला घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. फक्त झूम पूर्ण करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. आत शिरलेली धूळ डागांतून दिसते.