पंचांग घेऊन समुद्राकडे

रत्नागिरीहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढे करीत सोलापुरास येतो आणि येथून तुळजापूर, लातूर, नांदेड या वाटेने नागपूरकडे जातो. म्हणजे ज्या रस्त्याच्या कडेला उभा राहून सोलापूरकर संध्याकाळचा चहा घेतो, त्याच रस्त्याचे पश्चिमेकडील टोक सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर अरबी समुद्राला जाऊन भिडलेले आहे, ही हकीकत नकाशात पाहूनही सहसा मनात ठसत नाही. आमचे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परग्याचा एकरुख तलाव, आणि फार तर उजनीचा जलाशय. पाण्याचे आम्हांस अगत्य फार. परंतु ते नळाला कोणत्या दिवशी येणार एवढ्यापुरते. जे पाणी दिवसातून दोनदा आपण होऊन येते आणि पिण्याच्या कामी मात्र येत नाही, त्याच्याशी आमचा संबंध शाळेच्या सहलीत आला असेल तेवढाच.

असे असूनही दोन-तीन दिवसांची सवड काढून, एखाद्या जुन्या स्नेह्यास बरोबर घेऊन समुद्राकाठी जाऊन येण्याचा शिरस्ता आता सोलापुरातही रुजू लागला आहे, आणि तो मला सर्वस्वी स्वागतार्ह वाटतो. कुटुंबासह जाणे ही एक मोहीम असते. तीत औषधांच्या पेटीपासून नातेवाइकांच्या भेटीगाठींपर्यंत सारा बंदोबस्त करावा लागतो आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत मोहिमेचा सरदार थकून जातो. एकट्याने जावे तर समुद्र फार मोठा वाटतो. स्नेह्याबरोबर मात्र तासन् तास न बोलता बसता येते, आणि बोलावेसे वाटले तर तीस वर्षांपूर्वीचे अर्धवट राहिलेले वाक्य तेथूनच पुढे चालू करता येते. किरकोळ रजेचा अर्ज मंजूर करणाऱ्या वरिष्ठास ‘समुद्र पाहण्यास जावयाचे आहे’ हे कारण पटत नाही, हे खरे. तेथे कुलदैवताचे दर्शन असे लिहावे. गणपतीपुळे जवळच असल्याने ते असत्यही ठरत नाही.

माझे स्नेही एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहेत. प्रवासाचे सामान त्यांनी दाखविले तेव्हा पिशवीत कडक भाकरी होत्या, शेंगाचटणीची पुडी होती, सोलापुरी टॉवेल होता, आणि तळाशी चालू वर्षाचे दाते पंचांग होते. समुद्रावर मुहूर्त कोणता पाहावयाचा आहे, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, ‘‘मुहूर्तच पाहायचाय बे. समुद्राचा.’’

त्या उत्तरात पुष्कळ तथ्य होते. भरती-ओहोटीचा मुख्य कारभार चंद्राच्या हाती असून सूर्य त्यास साहाय्य करतो. चंद्र आकाशात रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो आणि म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरते. दोन लागोपाठच्या भरत्यांत सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. आता पंचांगाची तिथी हीदेखील चंद्र-सूर्यांमधील अंतरावरूनच ठरलेली. चोवीस तासांचे तीस तिथींत वाटे घातले तर प्रत्येकीच्या वाट्यास 48 मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका, येतात. म्हणजे एक तिथी सरली की भरती दोन घटका पुढे गेली. कोकणातील दर्यावर्दी लोक घड्याळाच्या भाषेत याचाच सोपा हिशेब सांगतात: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, दशमीस साडेसात, आणि पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान; पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हे गणित मुंबईच्या किनाऱ्यास अधिक जुळते, आणि दक्षिणेकडे जावे तशी भरती काहीशी आधी येते. परंतु पुळणीवर केव्हा उतरावे एवढे ठरविण्यास ते पुरेसे होते.

भरतीच्या वेळेप्रमाणे तिचा जोरही तिथीवर अवलंबून असतो. पौर्णिमा आणि अमावास्या या पर्वांस सूर्य व चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, त्यामुळे पाणी फार चढते आणि फार उतरते. हे उधाण, आणि त्याचा कळस पर्वानंतर एक-दोन दिवसांनी येतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते व पाणी बेताने हलते; त्यास किनाऱ्यावर भांगाची भरती म्हणतात. चढ-उताराचे हे माप सर्वत्र सारखे नाही. उधाणात गोव्याकडे ते दोन-सव्वादोन मीटर असते, मुंबईस चार-पाच मीटर होते आणि खंभातच्या आखातात दहा मीटरांच्या घरात जाते, कारण उत्तरेकडे उथळ होत गेलेला समुद्रतळ आणि निमुळते होत गेलेले आखात पाण्यास पसरू देत नाहीत.

या सर्वांचा थोडक्या दिवसांच्या प्रवाशास उपयोग काय, तर मोठा. शनिवार-रविवार पाहून निघणारा मनुष्य समुद्र ज्या स्थितीत सापडेल त्या स्थितीत पाहतो, आणि सायंकाळी सूर्यास्त पाहण्यास जावे तो पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेले आणि बसण्यास जागाच नाही, असा अनुभव घेऊन परततो. पर्वाच्या आसपास भरती दुपारी व मध्यरात्री येत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ओहोटी असते आणि ओली, घट्ट, चालण्यास उत्तम अशी पुळण लांबवर उघडी पडते. अष्टमीच्या आसपास नेमके याच्या उलट. सोलापूरकराच्या भिंतीवर वा देव्हाऱ्याजवळ हे सारे छापील टांगलेले असते, आणि तो त्यात एकादशी आणि लग्नाचे मुहूर्त तेवढे शोधतो.

या संदर्भात सोलापूर आणि रत्नागिरी यांचा आणखी एक धागा स्नेह्यांनी बसमध्ये उलगडून दाखविला. 1856 साली रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी पंचांगाचे गणित आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळले पाहिजे असा आग्रह धरला होता. 1920 साली त्यासाठी ज्योतिष्यांचे संमेलन भरले ते याच रस्त्यावरील सांगलीस. आणि डोळ्यांस दिसेल तेच गणित खरे मानणारे पंचांग लक्ष्मण गोपाळ तथा नानाशास्त्री दाते यांनी काढले ते समुद्रापासून इतक्या दूर, सोलापुरात. बस तेव्हा सांगलीच्या जवळ आली होती व वाहक सुट्या पैशांवरून कोणाशी तरी वाद घालीत होता, त्यामुळे या व्याख्यानाचा शेवट मला ऐकू आला नाही.

कोल्हापूर मागे पडले की अर्ध्या दिवसात दोन मुलूख पाहावयास मिळतात. सोलापुरास वर्षाकाठी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर चढताना रिते होतात आणि पलीकडच्या पठारास त्यांची सावली तेवढी मिळते, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परंतु आंबा घाट उतरताना काळी जमीन संपून तांबडा जांभा कधी सुरू झाला, ज्वारीच्या जागी भाताची खाचरे आणि आंब्या-काजूची कलमे कधी आली, हे खिडकीतून पाहिल्यावर त्या पाठांतराचा अर्थ अंगावर येतो. अंगावर येतो हे अक्षरशः घ्यावे. साखरप्याच्या पुढे हवा दमट होते, घाम येतो आणि वाळत नाही. ज्यास उन्हाळ्यात 40 अंशांवरील कोरडे ऊन सोसण्याची सवय आहे असा आमचा मनुष्य तेथील तिशीतील दमट दुपारीने हैराण होतो.

आम्ही गेलो तेव्हा मार्गशीर्ष वद्य द्वितीया होती. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की भाट्याचा लांबलचक, सरळ किनारा लागतो. त्याला लागूनच नारळाचे संशोधन केंद्र आहे आणि दुसऱ्या टोकास झरी विनायकाचे देऊळ. हिशेबाप्रमाणे भरती दीड वाजता यावयाची. पाणी त्याआधी अर्ध्या-पाऊण तासाने परतू लागले, आणि सूर्य टेकला तेव्हा किनारा चांगला रुंद झाला होता. ‘‘वक्तशीर आहे की बे,’’ असा शेरा स्नेह्यांनी मारला. नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूत बारीक बारीक भोके होती. त्यांतून नखाएवढे खेकडे बाहेर येत, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेत, तिच्यातील खाद्य काढून घेत आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकीत. बिळाभोवती अशा गोळ्यांच्या रांगा चक्राच्या आऱ्यांसारख्या पसरल्या होत्या. पुढच्या भरतीने हे सर्व पुसले जाणार आणि त्या पुढच्या ओहोटीस पुन्हा मांडले जाणार. सूर्यास्तानंतर काही वेळाने मागच्या नारळांमधून चंद्र वर आला, तेव्हा समुद्रावरून येणारे खारे वारे पडले होते. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाण्यास दोन्ही गोष्टींस वेळ लागतो. म्हणून दिवसा वारा पाण्याकडून येतो आणि रात्र चढली की तोच जमिनीवरून पाण्याकडे वाहू लागतो. या दुसऱ्यास मतलई वारे म्हणतात, आणि त्यांच्याच आधाराने शिडाच्या होड्या पहाटे बाहेर पडत असत.

स्नानासंबंधी मात्र स्पष्ट बोलणे अवश्य आहे. विहिरीत पोहण्यात पटाईत असलेल्या घाटावरील तरुणास समुद्राचा दगा कळत नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत परतते. ती वाट बाहेरून शांत दिसते, लाटा तेथे फुटत नाहीत, आणि म्हणून अनभिज्ञ मनुष्य नेमका तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास काठाकडे झुंज घेऊ नये. दम जातो आणि घात होतो. अंग सैल सोडून किनाऱ्यास समांतर पोहत बाजूला सरावे, म्हणजे ओढ सुटते. भरती चढत असताना उथळ पाण्यात स्नान करणे त्यातल्या त्यात बरे. ओहोटीत पाणी आत खेचते. गणपतीपुळ्यास दर्शन झाले की तसेच पाण्यात उतरणारे पुष्कळ दिसतात. तेथील तळ झपाट्याने खोल होत जातो, याची सूचना फलकावर लिहिलेली असते व तिच्याकडे पाठ करून लोक छायाचित्रे काढतात.

समुद्राकडे विश्रांतीसाठी जाणे ही कल्पना मुळात आपली नव्हे. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या मध्यास डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी खाऱ्या पाण्याचे स्नान व प्राशन हे औषध म्हणून सांगितले आणि ब्रायटनचे कोळीवाडे श्रीमंतांचे विश्रामस्थान झाले. आपल्याकडे समुद्रस्नान पर्वकाळी, पुण्यासाठी. ज्यास समुद्र नको होता अशा एका मनुष्यास मात्र तो मरेपर्यंत पाहावा लागला: ब्रह्मदेशातील भूवेष्टित मंडालेचा राजा थिबा 1885 च्या युद्धात पदच्युत होऊन रत्नागिरीस आणला गेला, 1910 साली बांधून झालेल्या वाड्यात राहिला आणि 1916 साली तेथेच वारला. तो वाडा टेकडीवर आहे व तेथून खाडी दिसते. आम्ही तेथे थोडा वेळ थांबलो. दोन दिवसांच्या रजेवर आलेल्या मनुष्यास तेथे फार वेळ करमत नाही.

मासे खाणाऱ्याने 1 जून ते 31 जुलै या काळात जाऊ नये. यांत्रिक होड्यांना तेव्हा मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच कोळ्यांचा हंगाम रीतसर सुरू होतो. स्नेही शाकाहारी असल्यामुळे त्यांचे सोलकढी आणि उकडीच्या मोदकांवर भागले. कडक भाकरी तेथील हवेत दुसऱ्याच दिवशी चामट झाली, याचे त्यांना वाईट वाटले. सोलापुरी टॉवेल तर मुक्काम संपेपर्यंत वाळला नाही. तो तसाच पिशवीत घालून आम्ही परतलो आणि मिरज ओलांडल्यावर स्नेह्यांनी तो बसच्या खिडकीच्या गजास बांधला. सांगोला येण्यापूर्वी तो पापडासारखा कडक झाला, आणि त्यातून झडलेले मीठ पुढच्या बाकावरील गृहस्थाच्या टोपीवर पडत असल्याचे त्या गृहस्थांनीच जरा तारस्वरात आमच्या निदर्शनास आणून दिले.