श्रीवर्धनची पुळण

मुलांनो, कोथरूडला टेकडी आहे, जवळून मुठा नदी वाहते. परंतु समुद्र पाहावयाचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याने निघावे, मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने जाऊन ताम्हिणी घाट उतरावा आणि माणगाव, म्हसळे या मार्गाने श्रीवर्धन गाठावे. हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. पुण्याचे आणि या गावाचे नाते जुने आहे. इ. स. १७१३ मध्ये ज्यांना पेशवेपद मिळाले, ते बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचेच.

गावात शिरताच दोन्ही बाजूंना नारळी-पोफळींच्या वाड्या लागतात. येथील सुपारी नामांकित आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने यांपैकी असंख्य झाडे एका दिवसात आडवी केली. पोफळीला फळ धरावयास काही वर्षे लागतात. तेव्हा वाडीवाल्यांची ती हानी किती मोठी, याची कल्पना तुम्हीच करा. वाड्यांमधून जाणारी वाट संपली की एकाएकी समोर रुंद, सपाट वाळू पसरलेली दिसते. अशा वाळूच्या किनाऱ्यास कोकणात ‘पुळण’ म्हणतात. हल्ली सर्वत्र ‘बीच’ हा शब्द ऐकू येतो; मला मात्र पुळण म्हटल्यावाचून पायाखाली वाळू आल्यासारखे वाटत नाही.

या पुळणीच्या कडेने लांब बंधारा बांधलेला असून त्यावर फिरावयास वाट व बसावयास जागा आहे. ज्या आजीचे गुडघे दुखतात, तिला वाळूत न उतरताही सूर्यास्त पाहता येतो आणि वाळूत किल्ले करणाऱ्या नातवंडांवर लक्षही ठेवता येते. सार्वजनिक किनारा हा असा सर्वांचा असावा. त्यासाठी कोणत्या सोयी हव्यात, याचा विचार जगात पुष्कळ झालेला आहे. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात चांगल्या किनाऱ्यास निळा ध्वज देतात. त्यास ‘ब्लू फ्लॅग’ असे म्हणतात. स्नानाचे पाणी शुद्ध आहे काय, स्वच्छतागृहे व कपडे बदलण्याच्या खोल्या आहेत काय, कचऱ्याची व्यवस्था काय, अपंगांना पाण्यापर्यंत जाता येते काय, जीवरक्षक व प्रथमोपचार आहेत काय, अशा एकंदर ३३ कसोट्या त्यासाठी लावतात. भारतातील पहिल्या आठ किनाऱ्यांना हा ध्वज २०२० मध्ये मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील एकही नव्हता. पुढे २०२५ मध्ये आपल्या राज्यातील पाच किनाऱ्यांना प्रायोगिक स्वरूपाची मान्यता मिळाली, त्यांत श्रीवर्धनचे नाव आहे. माझ्या मते खाद्यपदार्थांच्या दहा गाड्यांपेक्षा एक स्वच्छ शौचालय आणि गोड्या पाण्याचा एक नळ यांची योग्यता अधिक आहे.

तथापि कितीही सोयी झाल्या, तरी समुद्राचे वेळापत्रक कोणालाच बदलता येत नाही. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. ती कळली मात्र या पुळणीवर.

मी मुख्याध्यापक असताना एकदा आमच्या शाळेची सहल श्रीवर्धनला नेली होती. पहाटे चार वाजता कोथरूडहून निघून नऊच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. समुद्र पुष्कळ दूर होता. मुलांनी पाण्यापासून पन्नास-साठ पावलांवर, ओलसर वाळूवर, दप्तरे, चपला आणि डबे रचून ठेवले व सर्वजण शंखशिंपले वेचण्यात गढून गेले. एकच्या सुमारास कोणीतरी ओरडले. वळून पाहतो तो डबे पाण्यावर डुलत चाललेले! त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती आणि एका मुलाची उपवासाची साबुदाण्याची खिचडी त्याच्या डोळ्यांदेखत अरबी समुद्रास अर्पण झाली.

जवळच एक वृद्ध कोळी जाळे सांधत बसले होते. ते हसून म्हणाले, “मास्तर, आज तिथी कोणती?”

“चतुर्थी.”

“चाराची पाऊणपट किती?”

“तीन.”

“मग तीनला भरती पुरी होणार. एवढा हिशेब न करता पोरं घेऊन दर्यावर आलात?”

सगळा वर्ग ऐकत होता. मला खाली पाहावे लागले.

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे कळते. भरती-ओहोटी ही मुख्यत्वे चंद्राच्या आकर्षणाने होते आणि चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तेव्हा हा हिशेब ठोकळ आहे खरा, परंतु उपयोगी आहे. दिवसातून सामान्यतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. आमच्या सहलीच्या दिवशी भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेनऊच्या सुमारास. आम्ही नेमके समुद्र सर्वांत दूर असताना आलो आणि तो तेथेच राहतो असे समजलो! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती बेताची असते, तिला भांगेची भरती म्हणतात.

आमचे डबेच गेले, हे आमचे भाग्य. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातीलच मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. तीतील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तो काही पावसाळा नव्हता.

ओहोटी लागली असता पाणी आत ओढत असते. त्या वेळी पाण्यात उतरू नये. याखेरीज आणखी एक धोका आहे. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी कधीकधी एखाद्या चिंचोळ्या वाटेने वेगाने समुद्राकडे परत जाते. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून अजाण माणसास तीच जागा शांत व सुरक्षित वाटते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याची धडपड करू नये, शक्ती संपते. किनाऱ्याला समांतर असे बाजूस पोहत जावे, प्रवाहाबाहेर पडावे आणि मग वळावे. पोहता येत नसेल, तर तरंगत राहून हात वर करावा. जेथे जीवरक्षक असतात, तेथे वर तांबडा व खाली पिवळा असे रंग असलेले दोन ध्वज रोवतात; स्नान त्या दोहोंच्या मध्येच करावे. नुसता तांबडा ध्वज दिसला, तर पाण्यात पाऊलही टाकू नये. पावसाळ्यात तर समुद्र काठावरूनच पाहावा.

काही हौशी मंडळी वाळूवर मोटारी पळवितात. रायगड-रत्नागिरीच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्यात येऊन वाळूत अंडी पुरून ठेवतात. ती वरून दिसत नाहीत. चाकांखाली मात्र सापडू शकतात.

पुढल्या वर्षी सहलीचा दिवस ठरविताना मी प्रथम भिंतीवरचे पंचांग काढले व ते मुलांपुढे ठेवले. त्यांनी अष्टमी निवडली. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे दुपारी बारानंतर पाणी चढू लागणार, आणि तेही बेताने. श्रीवर्धनला पोहोचल्यावर मुलांनी दप्तरे बंधाऱ्यावर रचली. खिचडी गमावलेला मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. ते वृद्ध कोळी आपल्या होडीपाशी होते, त्यांच्याकडे जाऊन त्याने आपला हिशेब बरोबर आहे ना, हे विचारून घेतले.