मेंदूचा मध्य कुठे?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. सिमेट्रीला 'सममिती' म्हणतात हे रूममेटकडून कळलं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली, मधोमध पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, "मिडलाइन सरकलेली नाही." घरच्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र प्रश्न पडला, मशीनमध्ये आजोबांची मान वाकडी होती, मग मध्य ठरवला कसा? सरांना विचारलं, तर त्यांनी हाच सेमिनारचा विषय देऊन टाकला!

डोक्यात रक्त साकळलं की मेंदू एका बाजूला ढकलला जातो. ५ मिलिमीटरच्या वर सरकला तर प्रकरण गंभीर धरतात. म्हणजे मध्यच चुकला तर पुढचं सगळं चुकलं.

त्रिमितीत मध्य म्हणजे रेघ नव्हे, प्रतल. ते ठरवायला दोन कोन आणि एक अंतर पुरतं. कॉम्प्युटर एक प्रतल धरतो, तिथे आरसा ठेवल्यासारखं चित्र उलटवतो आणि मूळ चित्राशी कितपत जुळतं ते मोजतो. सर्वात जास्त जुळेल ते आपलं प्रतल. सोपं वाटतं ना? पण २५६ × २५६ × १२८ चा स्कॅन म्हणजे सुमारे ८४ लाख ठिपके. तिन्ही आकड्यांच्या २१-२१ किमती तपासल्या तर ९,२६१ प्रतलं! म्हणून आधी चित्र लहान करून ढोबळ उत्तर काढतात, मग मोठ्या चित्रावर बारकाईने.

खरी गोची पुढे आहे. गाठ असली की सममिती बिघडते, आणि चुकीचं प्रतल गाठीकडे कलतं. म्हणजे जो आजार शोधायचा, त्याच्याकडेच आधी दुर्लक्ष करायचं! २००२ साली फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या प्रिमा, उर्सलां आणि अयाश यांनी ह्यावर छान तोड छापली. चित्राचे छोटे ठोकळे करायचे, प्रत्येकाचा पलीकडचा जुळा शोधायचा. प्रत्येक जोडी मध्य कुठे ते सांगते. ज्या जोड्या फारच वेगळं सांगतात त्या वगळायच्या, उरलेल्यांवरून प्रतल काढायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. गाठीतल्या जोड्या आपोआप बाद होतात.

त्यात निरोगी मेंदूही पुरता सममित नसतोच. बहुतेकांचा उजवा भाग समोरून किंचित पुढे आणि डावा मागून किंचित मागे असतो. ह्याला याकोव्हलेव्ह टॉर्क म्हणतात. त्यामुळे दोन बाजूंची वजाबाकी करून जे उरेल ते सगळं आजार समजू नये.

मी मॅटलॅबमध्ये एका नमुना स्कॅनवर खोटी गाठ चिकटवून पाहिली. साध्या पद्धतीचं प्रतल लगेच कललं, जोड्या वगळणारं जवळपास जागेवर राहिलं. वेळ मात्र इतका लागला की मेसमधला शिरा संपला. कोड कुणाला हवा असेल तर या, पण व्हायव्हा झाल्यावर.